दारातून वळवलेली फौज

जंगलाकाठच्या पाल्मिताल गावात एखादीचं घर किती स्वच्छ आहे हे बघायला पाहुणा म्हणून जाऊन काही उपयोग नसतो. पाहुण्याला दिसते ती पुढची खोली. लाल मेण घासून आरशासारखी केलेली फरशी, टीव्हीवर विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. त्यामागचं काय असतं ते फक्त फौजेला कळतं.

फौज म्हणजे त्या मुंग्या, ज्यांना स्वतःचं घर नसतं आणि म्हणूनच बहुधा दुसऱ्याच्या घरात शिरायची लाजही नसते. जंगलातल्या पोकळ ओंडक्यात एकमेकींचे पाय धरून त्या पोत्यासारख्या लोंबकळतात, मधोमध राणी आणि पिल्लं. हेच त्यांचं बिऱ्हाड. उजाडलं की त्यातून गालिचा उलगडावा तशा पसरत निघतात. वाटेत जे हलेल ते त्यांचं. घराच्या रोखानं आल्या तर पाल्मितालचा माणूस त्यांना अडवत नाही. दारं-खिडक्या, कपाटं, पेट्या, सगळं सताड उघडायचं, जेवणखाण बाहेर काढायचं, तान्हं मूल काखेत घ्यायचं, खुराड्याची कडी काढायची, कुत्रा सोडायचा, आणि समोरच्या अंगणात कॉफी घेऊन बसायचं. आत त्यांचं काम चालतं. झुरळं, विंचू, कोळी, छपरातली नाही नाही ती जनावरं, सगळं साफ. निघून गेल्या की घर धुतल्यासारखं.

आता यात एक गोम आहे. ज्या घरात टिपायला काही नसतं तिथून फौज उभ्या उभ्या निघून जाते. ज्या घरात पुष्कळ असतं तिथे ती रमते. आणि समोरच्या अंगणात कॉफी पीत बसलेलं अख्खं गाव ते बघत असतं.

दुकानवाल्या दोन्या क्लेमेन्सियाकडे, म्हणजे क्लेमेन्सियाबाईंकडे, फौज एकदा दुपार टळली तरी हलेना, तेव्हा एलियेत विंदास सगळ्यांसमोर म्हणाली होती, "क्लेमेन्सिया, आता त्यांना उशा-पांघरुणं काढून दे बाई. मुक्काम दिसतोय."

लोक कॉफी सांडेपर्यंत हसले. क्लेमेन्सियाही हसली, पण मग कित्येक दिवस एलियेतला पाव देताना तिनं पाव काउंटरवर ठेवला, हातात दिला नाही.

एलियेतच्या जिभेला धार होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला होता. तांदूळ-घेवड्याचा गालो पिंतो मोठ्या पातेल्यात परतताना तिचे दंड एखाद्या लाकूडतोड्यासारखे हलायचे, आणि ताट घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला ती आधी हात उलटे-सुलटे करून दाखवायला लावायची. "ही नखं आहेत की केळीची बाग? जा, धुऊन ये." गावातली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली होती, आणि अजूनही तिच्यासमोर आली की नकळत नखं मुठीत लपवायची.

दुसरी तिची मिजास मुंग्यांची. तिचा बाप जंगल तोडायला म्हणून इथे आला तेव्हा गाव नव्हतंच, मुंग्याच होत्या. आईनं तिला बोलता येण्याआधी मुंग्या ओळखायला शिकवलं, असं ती सांगे. कोणाच्याही अंगणात नवी रांग दिसली की बोलावणं यायचं, "दोन्या एलियेत, जरा बघता का?" मग ती ॲप्रन सावरत जायची, वाकायची, दोन बोटांत एक मुंगी अलगद उचलायची आणि कोर्टात निकाल द्यावा तसं सांगायची.

शेजारच्या बेलार्मिनोची सून नोइलिन अलाहुएलाहून लग्न करून आली. शहरातली पोर, तिला आधी कोंबडीची भीती. नवरा ओल्गेर अननसाच्या मळ्यात कामाला, आठवड्याचे सहा दिवस बाहेर. सासू वारलेली. घरात सासरा, ती आणि रांगतंही नसलेलं बाळ. पहिल्यांदा तिनं फौजेबद्दल ऐकलं तेव्हा धावत कुंपणाशी आली.

"दोन्या एलियेत, ते खरं आहे? मुंग्या घरात येतात आणि आपण बाहेर बसायचं?"

"अगं, फुकटची मोलकरीण आहे ती. पगार नाही, जेवण तिचं तीच बघते."

"पण मला कळणार कसं, त्या त्याच आहेत? इथे तर हजार जातीच्या मुंग्या."

एलियेतनं कुंपणाच्या खांबावरून एक पडलेली मुंगी उचलली, तळहातावर ठेवली. "ही बघ. ही शिपाई. डोकं केवढं, आणि रंग बघ, दुधाळ कॉफीसारखा. आणि हे जबडे. बर्फाची लादी ओढायचे आकडे असतात ना, तसे वळलेले."

"आणि त्या पानं कापून नेणाऱ्या, पानकाप्या?"

"त्या वेगळ्या. घरात शिरत नाहीत."

"कशा वेगळ्या? शिकवा ना मला नीट."

एलियेत हसली. "सगळं आजच शिकून कुठे जायचंय तुला? शंका आली की मला हाक मार. मी कुंपणापलीकडेच आहे, काही मरत नाही इतक्यात."

आणि खरंच नोइलिन हाक मारायची. दिवसातून एकदा तरी. एलियेतला ते आवडायचं. फार आवडायचं. सगळं शिकवून टाकलं असतं तर हाक कोण मारणार?

जे कोणाला माहीत नव्हतं ते एवढंच की एलियेतचे गुडघे गेले होते. नवऱ्यानं, म्हणजे एलादिओनं, केलेलं देवदाराचं मोठं कपाट मागच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून उभं होतं. पूर्वी ती ते दर शनिवारी ओढायची, मागून-खालून पुसायची. एलादिओ गेला, मग गुडघे गेले, आणि कपाट तिथेच राहिलं. पुढची खोली ती अजून पायाखाली फडकं घेऊन नाचत नाचत चकचकीत करायची, कारण ती रस्त्यावरून दिसायची. मागे मात्र दिवा लावला की कपाटाखालून एक खुसखुस व्हायची, आणि ती पटकन दिवा बंद करून पुढे यायची. पुढच्या शनिवारी बघू. पुढच्या शनिवारी मुलीला लिमोनहून बोलावू. मुलगी आली की तिला तरी काय दाखवायचं? आलेल्या मुलीला ती पुढच्याच खोलीत बसवायची.

शाळेला सुट्टी होती. एलियेत मागच्या पायरीवर घेवडे निवडत बसली होती तेव्हा ओढ्याकडून पक्ष्यांची शीळ आली. एक नाही, कितीतरी. तिनं मान वर केली. फौजेच्या पुढे हे पक्षी असतात. मुंग्यांना घाबरून पळणारे किडे आयते टिपायला. मग गवतात तो आवाज, पानांवर बारीक पाऊस पडावा तसा, आणि ऊन तर लख्ख होतं. एक नाकतोडा तिच्या घेवड्यांत येऊन पडला. मग दुसरा. मग कोळी, पाय गोळा करून जीव घेऊन पळणारे. त्यांच्या मागे तपकिरी-काळा गालिचा, कडेकडेनं फिकट डोक्यांचे शिपाई, आकडे आ वासून. कुजट, कस्तुरीसारखा दर्प.

गालिचा सरळ तिच्या मागच्या दाराकडे येत होता.

आता करायचं ते ठरलेलं होतं. "फौज!" म्हणून ओरडायचं. आवाजावर क्लेमेन्सिया दुकान टाकून येईल, बेलार्मिनोचे घरचे येतील, खुर्च्या येतील, कॉफी येईल. एलियेतनं तोंड उघडलं.

आणि तिला त्या खुर्च्या दिसल्या. रांगेनं मांडलेल्या. क्लेमेन्सिया मधली खुर्ची धरून बसलेली, पाय पसरून, फुरसतीनं. कपाटाखालून एकेक झुरळ निघतंय, मुंग्यांनी उचललेलं, पंख ताठ झालेलं, पायरीवरून खाली येतंय, मग आणखी एक, मग रांगच, संपतच नाही, दुपार टळली तरी. आणि शाळेतली तिची सगळी पोरं, आता मोठी झालेली, नखं मुठीत न लपवता बघतायत.

तिनं तोंड मिटलं.

पायरीखाली रॉकेलचा डबा होता. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता तिनं तो ओढला आणि दारासमोर, ओढ्याच्या बाजूनं, गवतावर एक कमानीसारखी धार सोडली. पहिल्या मुंग्या त्यात लोळल्या. मागच्या थबकल्या, एकमेकींवर चढल्या, उकळत्या दुधासारखं सगळं वर आलं, आणि मग गालिच्याला जणू कोणी मुरड घातली. तो फाटला. दोन-तीन अरुंद रांगा झाल्या आणि चरातून, कुंपणाखालून, बेलार्मिनोच्या अंगणाकडे वळल्या.

हातात डबा, हाताला रॉकेलचा वास, आणि कुंपणापलीकडे नोइलिन. तिच्या हातात ओले कपडे.

"दोन्या एलियेत! ह्या कुठल्या मुंग्या? चरातून येतायत बघा."

एलियेतनं डबा ॲप्रनच्या मागे धरला.

"कुठे? त्या? पानकाप्या आहेत."

"पण पानं कुठायत?"

"जाताना कुठली पानं? येताना आणतील." हे खरंच होतं. पानकाप्या जाताना रिकाम्याच जातात. अर्ध्या खऱ्याला एलियेतच्या तोंडून पूर्ण खऱ्याचं वजन आलं.

"आणि हे पक्षी का ओरडतायत एवढे?"

"पक्षी आहेत, ओरडतील नाही तर काय करतील?"

नोइलिन हसली. "मी आपली घाबरले. म्हटलं फौजच आली. बाळ आत झोपलंय आणि टर्कीची पिल्लं खोक्याखाली झाकलीत, बाबांनी सांगितलंय घारीपासून सांभाळ म्हणून. सगळं उघडू की काय असं झालं मला."

आत्ता. आत्ता बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुमच्या दारात का नाही शिरल्या, आणि हातात काय आहे. एलियेतला वाटलं, अरुंद रांगा आहेत, विखुरल्यात, पुढे केळीत जातील.

"कशाला उघडतेस? वाळत घाल कपडे," ती म्हणाली आणि घरात जाऊन हात धुऊ लागली. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला.

किंकाळी आली तेव्हा तिचे हात अजून ओलेच होते.

रांगा केळीत गेल्या नव्हत्या. बेलार्मिनोच्या खोक्याखाली टर्कीची नुकती निघालेली पिल्लं होती, पिवळी, ओलसर, पळता न येणारी. आई-टर्कीनं खोकं पाडलं आणि स्वतः सुटली, पण पिल्लांवर मुंग्यांचा जाड काळा थर बसला होता, जणू कोणी त्यांच्यावर घोंगडं टाकलं. दुसरी रांग मागच्या भिंतीवरून खिडकीत. नोइलिन बाळाला छातीशी आवळून बाहेर आली, एका हातानं त्याच्या पोटरीवरचे शिपाई ओढत. मुंगीचं अंग तुटून येत होतं पण जबडे कातडीत रुतलेले राहत होते. बाळ निळं पडेपर्यंत रडत होतं. एलियेत धावली, गुडघे विसरून. तिनंच एकेक जबडा नखानं काढला, तिनंच लिंबू चोळलं. तोवर गाव जमलं होतं.

बेलार्मिनो मळ्यातून आला, टोपी हातात. खोकं उचललं, खाली ठेवलं. ती पिल्लं नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी वाढवायची होती.

"उघडलं का नाहीस?" त्यानं सुनेला विचारलं. ओरडला नाही, तो कधीच ओरडायचा नाही.

"मला वाटलं पानकाप्या आहेत," नोइलिन म्हणाली.

"पानकाप्या!" कोणीतरी फस्सकन हसलं. "अगं, पानं कुठे होती?"

"वाटलं, येताना आणतील."

आता सगळेच हसले. बाळाला फारसं काही झालं नव्हतं हे कळल्यावर हसू मोकळं झालं. एलियेत बाळाची पोटरी चोळत खाली मान घालून बसली होती आणि वाट बघत होती. आता नोइलिन म्हणेल, दोन्या एलियेतनंच सांगितलं. पण नोइलिन काही बोलली नाही.

"एलियेत, तू घरीच होतीस ना?" क्लेमेन्सियानं विचारलं. "तुला कळलं नाही?"

"मी... आत होते. भांडी घासत होते."

नोइलिननं एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग पटकन दुसरीकडे.

पाल्मितालमध्ये नाव पडायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी दुकानात नोइलिन 'पानकापी' झाली. "पानकापी, आज काय आणलंस?" "पानकापी, रिकाम्या हातानं आलीस ना, जाताना घेऊन जा!" बेलार्मिनोही थट्टेतच म्हणायचा, पण त्याच्या थट्टेत पिल्लांचा चिकट राग होता. ओल्गेर रविवारी आला, बाळाची पोटरी बघितली आणि जेवताना म्हणाला की गुआपिलेसहून आत्याला राहायला बोलावतो, बाळाला सांभाळायला. नोइलिन समोरच बसली होती. हे सगळं एलियेतला कुंपणावरून ऐकू यायचं, कारण तिचे कान अजून उत्तम होते.

डोळेही. तिला दिसत होतं की मागच्या दारासमोरचं गवत पिवळं पडतंय. आधी टोकं, मग मुळापर्यंत. सगळीकडे हिरवंगार, आणि मध्ये एक वाकडी तपकिरी कमान, तिच्या दाराला वळसा घातलेली. रोज सकाळी ती उठून बघायची, रोज ती कमान जास्त ठळक झालेली असायची. ती त्यावर पाणी ओतायची. गवतावर पाणी ओतून काय होणार? मेलेलं ते. मग तिनं ओट्यावरचं पायपुसणं त्यावर वाळत टाकलं, पण कमान पायपुसण्यापेक्षा मोठी होती.

नोइलिन आता हाक मारत नव्हती. एक दिवस मात्र दुपारी ती स्वतःच आली, बाळ कमरेवर, पुढच्या दारानं. एलियेतनं तिला पुढच्या खोलीतच बसवलं. विचारायला आली असेल. विचारू दे. विचारलं की सांगून टाकीन.

"दोन्या एलियेत, रागवणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"मी कोणाला काही बोलले नाही. त्या दिवशीचं." नोइलिननं आवाज खाली आणला, घरात कोणी नसताना. "लोक मला हसतात ते ठीक आहे, मी बाहेरचीच आहे. तुम्हाला हसायला लागले तर... तुमचं नाव आहे गावात. माझ्या आजीचंही असंच झालं होतं. मोतीबिंदू. तिला स्वतःला कळत नव्हतं. ती रस्त्यातल्या कुत्र्याला पिशवी समजून उचलायला गेली."

एलियेतला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"क्लिनिकमध्ये डोळ्यांचा डॉक्टर येणार आहे," नोइलिन म्हणाली. "नंबर मिळत नव्हता. मी तिथल्या बाईशी भांडले, म्हटलं, या बाईंनी अर्ध्या गावाला जेवू घातलंय, त्यांना रांगेत उभं करणार का? तुमचा नंबर लावलाय. मी येते बरोबर."

"कशाला गं... उगाच..."

"अहो, लाज कसली त्यात? वय झालं की होतं."

मग नोइलिननं आपण होऊन तिचा हात धरला, आणि एलियेतनं तो सोडवून घेतला नाही. ती आत्ताच सांगणार होती. पण पोरीच्या चेहऱ्यावर इतकं काही स्वच्छ होतं की त्यावर झुरळं कशी सोडायची, हेच तिला कळेना. तिनं कॉफी केली. गूळ जास्त पडला. नोइलिन म्हणाली, "छान झालीय."

क्लिनिकमध्ये ती गेली. बसमध्ये नोइलिननं तिला खिडकीची जागा दिली, उतरताना पायरी दाखवली, "इथे, सांभाळून." दिसत असलेली पायरी एलियेत चाचपडत उतरली.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. "वरून वाचा, सेन्योरा."

तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ एलियेतला दिसत होती. कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही दिसत होतं. दाराशी नोइलिन बाळाला झुलवत उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती एलियेतसाठी मनातल्या मनात वाचत होती, की प्रार्थना करत होती, कोण जाणे.

आता सगळं बरोबर वाचलं तर? तर पोरीला कळणार की डोळे ठीक आहेत. मग पानकाप्या कोणी म्हटलं, आणि का?

"पहिलं मोठं... ई," एलियेत म्हणाली.

"हं. पुढे?"

"पुढे... ओ असेल. की सी."

ते एफ होतं, पोरानंही ओळखलं असतं.

"तिसरी ओळ?"

"नाही दिसत."

"प्रयत्न करा."

"नाही दिसत, डॉक्टर."

आयुष्यात प्रथमच कोणीतरी तिला काहीतरी नीट करून दाखवायला सांगत होतं आणि ती मुद्दाम चुकत होती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. डॉक्टरनं दिवा मारून डोळ्यात बघितलं, पुन्हा बघितलं, थोडा गोंधळला, आणि मोठ्या क्लिनिकसाठी चिठ्ठी लिहून दिली. बाहेर आल्यावर नोइलिननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, बरं झालं की नाही आलो ते? बरे होतील डोळे." तिच्याच डोळ्यात पाणी होतं. एलियेत मेल्याहून मेल्यासारखी बसमध्ये बसली.

बस क्लेमेन्सियाच्या दुकानासमोर थांबते. बेलार्मिनो बाकावर बसून थंड काहीतरी पीत होता, आणखी चारजण होते.

"आली का पानकापी!" तो म्हणाला. "शहरात जाऊन पानं आणलीस की रिकामीच?"

लोक हसले. नोइलिनही हसली, हसायला शिकली होती ती. बाळाची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि पुढे निघाली.

"तिला काही बोलू नका," एलियेत म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात. "बेलार्मिनो, तिला काही बोलू नका. मी सांगितलं तिला पानकाप्या म्हणून. फौज होती हे मला माहीत होतं."

 मग बेलार्मिनोनं मान हलवली, कौतुकानं. "दोन्या एलियेत, तुमचं मन मोठं. पण पोरीच्या चुकीवर पांघरूण घालायला तुम्ही स्वतःला कशाला बदनाम करता?"

"तेच तर," क्लेमेन्सिया म्हणाली. "एलियेत म्हणे फौजेला पानकाप्या म्हणाली! उद्या म्हणेल, मला भात शिजवता येत नाही."

पुन्हा हसणं. आता ते एलियेतच्या बाजूचं हसणं होतं, ऊबदार, आणि तेच तिला सहन होईना. नोइलिन घाईनं म्हणाली, "अहो, राहू द्या ना. त्यांचे डोळे—"

"डोळ्यांना काही झालेलं नाही!" एलियेत ओरडली. "चला. सगळे चला माझ्या मागच्या दाराशी. गवत बघा."

ती पुढे चालू लागली. लोक मागे आले ते गंमत म्हणून, पण घराला वळसा घालून मागे गेल्यावर गंमत संपली. एलियेतनं पायपुसणं उचललं. हिरव्या गवतात तपकिरी कमान, ओढ्याच्या बाजूनं, दाराला राखणारी, आणि तिचं टोक बेलार्मिनोच्या कुंपणाकडे वळलेलं. बेलार्मिनो उकिडवा बसला, चिमूटभर माती उचलून हुंगली.

"रॉकेल," तो म्हणाला.

"माझ्याकडे येत होत्या. मी वळवल्या."

"पण का?" हे त्यानं इतक्या खऱ्या आश्चर्यानं विचारलं की एलियेतला त्याच्याकडे बघवेना. दारात आलेली फौज कोणी वळवतं?

ती काही बोलायच्या आधी क्लेमेन्सिया तिच्या खांद्यावरून मागच्या स्वयंपाकघरात डोकावली होती. भर दुपारी, उजेडात, कपाटाच्या खालून एक झुरळ बाहेर आलं, मिशा हलवत थांबलं, पुन्हा आत गेलं. क्लेमेन्सियानं ते बघितलं. मग एलियेतकडे बघितलं. एलियेत वाट बघत होती, आता ती काहीतरी म्हणेल. तिचा हक्कच होता. क्लेमेन्सियानं नजर खाली केली आणि आपल्या ॲप्रनवरचं नसलेलं पीठ झटकत राहिली.

बाकीचेही एकेक करून निघाले. जाताना कोणी हसलं नाही.

नोइलिन मात्र उभी होती. हातात ती मोठ्या क्लिनिकची चिठ्ठी.

"तक्ता दिसत होता तुम्हाला?"

"हो."

"सगळा?"

"खालपर्यंत."

बाळानं चिठ्ठीकडे हात केला. नोइलिननं ती त्याला घेऊ दिली नाही.

"मी त्या बाईशी भांडले तुमच्यासाठी," ती म्हणाली. "माझ्या आईसाठी भांडले नसते एवढी."

"नोइलिन, पोरी—"

"मुंग्यांचं ठीक आहे. घाबरला असाल. पण त्या खोलीत मी तुमचा हात धरायला येणार होते. वाटलं, डॉक्टर रागवेल म्हणून आले नाही."

  नोइलिननं चिठ्ठीची घडी घातली, पायरीवर घेवड्याच्या टोपल्याशेजारी ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपल्याचा काठ तिच्यावर सरकवला, आणि वळली.

बेलार्मिनो कुंपणाशी घोटाळत होता. टोपी काढलेली, पुन्हा घातलेली. "नोइलिन," तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्याच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळलंच. "दे ती पिशवी इकडे. आणि ओल्गेरला मी सांगतो. आत्याबित्या काही नको."

"मीच सांगेन त्याला," नोइलिन म्हणाली, पण पिशवी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. बाळ टोपलीत. एलियेत बराच वेळ दाराच्या आत उभी राहिली आणि मग बाहेर आली, कारण कधीतरी यायलाच हवं होतं.

"बुएनास," तिनं रोजचा नमस्कार केला.

"बुएनास, दोन्या," नोइलिननं उत्तर दिलं, सुरकुतलेला सदरा झटकत. बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईला देतात तसं, सभ्य, पुरेसं. मग ती वाकली, टोपलीजवळून चाललेल्या कसल्याशा बारीक मुंग्यांकडे निरखून बघत राहिली, एक बोटावर चढवली, उजेडात धरली, पुन्हा पुन्हा फिरवली.

एलियेत कुंपणापलीकडे उभी होती. नोइलिननं हाक मारली नाही.